चोर सोडून संन्याशाला फाशी?

मित्रांनो, तुमचा पासवर्ड मला माहीत आहे.

घाबरू नका! मी हॅकर वगैरे नाही. पण एवढ्यासाठी हॅकर कशाला लागतो? ॲडमिशनच्या वेळी ऑफिसनं जो पासवर्ड दिला, तोच अजून चालू आहे, म्हणजे एक तर जन्मतारीख, नाहीतर रोल नंबर आणि त्याला चिकटवलेलं १२३. काही उत्साही मंडळींनी तो बदलून एखादीचं नाव ठेवलंय, आणि ते नाव सगळ्या वर्गाला माहीत आहे, फक्त त्या बिचारीला सोडून! सबमिशनच्या आदल्या रात्री तर पासवर्ड म्हणजे हॉस्टेलची बादली. ज्याला पाहिजे त्यानं उचलावी, काम झालं की जागेवर ठेवली तर ठेवली.

हे सगळं गमतीचं आहे, पण एक दिवस गंमत संपते. समजा, आपल्यातल्याच एका मुलाच्या अकाउंटवरून रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी एका सरांना घाणेरडी मेल गेली. किंवा कुणीतरी दुसऱ्याची असाइनमेंट डिलीट केली. मुलाचं नाव ‘क्ष’ ठेवू या, म्हणजे कुणाला लागायला नको. सकाळी काय होणार, ते तुम्हीही सांगू शकाल. लॉगमध्ये क्षचं नाव. क्षचं अकाउंट बंद. क्षला केबिनमध्ये बोलावणं. ‘‘तुझ्याच अकाउंटवरून गेलीय ना? मग?’’ या ‘मग?’ला उत्तर नसतं. पालकांना घेऊन ये, माफीनामा लिहून दे, नाहीतर टर्मवर्क विसर. आणि क्ष माफीनामा लिहून देतो. त्यानं केलं म्हणून नव्हे, त्याला हॉल तिकीट पाहिजे म्हणून!

मला या लेखात एवढंच म्हणायचंय की अकाउंट म्हणजे माणूस नव्हे. अकाउंटवर संशय आला तर तो आधी अकाउंटवर घ्यावा, माणसावर नंतर. हे मी मुलांची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही. जगात ज्यांनी ही भानगड सगळ्यांत आधी हाताळली, त्यांचा अनुभवच तसा आहे.

ही कला जुनी आहे

पासवर्ड चोरणं हे आजकालच्या पोरांचं थेर आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये (आपल्या पुण्याची नव्हे, बॉस्टनजवळच्या केंब्रिजची) सीटीएसएस नावाची सिस्टिम होती. एकच मोठा कॉम्प्युटर बऱ्याच जणांनी वाटून वापरायचा, म्हणून प्रत्येकाला स्वतःचं अकाउंट आणि पासवर्ड. ॲलन शेर नावाचा पीएचडीचा विद्यार्थी होता. त्याला आठवड्याला चार तास मिळायचे. संशोधनाला ते पुरेनात! १९६२ च्या वसंतात त्यानं काय केलं, तर एक पंचकार्ड टाकून पासवर्डची फाइलच प्रिंटरवर छापून घेतली. शुक्रवारी रात्री कार्ड दिलं आणि शनिवारी सकाळी सगळ्यांचे पासवर्ड हातात! ते त्यानं दुसऱ्यांनाही वाटले. त्यातल्या एकानं तर लॅबच्या डायरेक्टरच्या अकाउंटमध्ये शिरून त्यांना डिवचणारे मेसेज ठेवले.

पकडलं कुणी? कुणीच नाही. पुढे सुमारे २५ वर्षांनी शेरनं स्वतःच ही गोष्ट सांगितली. तेव्हा तुझी पीएचडी काढून घेणार नाही, असं आश्वासनही त्याला मिळालं म्हणे.

आता विचार करा. त्या आठवड्यांत ज्या लोकांच्या नावावर जादा तास पडले, त्यांना जर कुणी केबिनमध्ये बोलावून ‘‘तुझ्याच अकाउंटवर आहेत ना? मग?’’ असं विचारलं असतं तर? ते खरं बोलले असते आणि खोटे ठरले असते.

दुसरी गोष्ट १९८६ ची. कॅलिफोर्निया विद्यापीठ चालवतं त्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कॉम्प्युटरच्या हिशोबात ७५ सेंटचा फरक आला. पंचाहत्तर सेंट! आपल्याकडे कुणी वर मान करूनही बघितलं नसतं. क्लिफर्ड स्टॉल या माणसानं बघितलं. तो शिक्षणानं खगोलशास्त्रज्ञ, नुकताच कॉम्प्युटर विभागात आलेला. शोधता शोधता त्याला दिसलं की एका जुन्या अकाउंटवरून कुणीतरी आत शिरतंय. त्या अकाउंटचा मालक तेव्हा इंग्लंडमध्ये होता! स्टॉलनं मालकाच्या नावानं बोंब मारली नाही. तो गप्प बसून नोंदी करत राहिला, टर्मिनलवर काय काय टाइप होतंय ते छापत राहिला. कित्येक महिन्यांनी धागा निघाला तो थेट पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात. तिथला एक तरुण अमेरिकेच्या लष्करी कॉम्प्युटरांत शिरत होता आणि माहिती केजीबीला विकत होता.

स्टॉलनं पहिल्याच दिवशी अकाउंटच्या मालकाला झापून, अकाउंट बंद करून फाइल मिटवली असती तर? प्रकरण संपलं असतं. म्हणजे खऱ्या चोरासाठी सोयीचंच झालं असतं!

लॉग नक्की काय सांगतो?

आपण इंजिनीअर होणार आहोत, तेव्हा जरा नीट बघू या. ‘‘लॉगमध्ये नाव आहे’’ याचा अर्थ एवढाच की त्या वेळी कुणीतरी तो युजरनेम आणि तो पासवर्ड बरोबर टाइप केला. कुणी टाइप केला, हे लॉगला कसं कळणार? लॉगला डोळे नसतात. लॅबमध्ये क्ष लॉग-आउट न करता चहाला गेला असेल. पार्टनरनं मशीन वापरलं असेल. फिशिंगच्या खोट्या पानावर त्यानं पासवर्ड भरला असेल. किंवा सरळ, जन्मतारीख कुणीतरी ओळखली असेल.

मग आयपी ॲड्रेस बघू, असं कुणी म्हणेल. बघा. पण कॉलेजच्या आतले शेकडो फोन आणि लॅपटॉप बाहेरच्या जगाला एका किंवा मोजक्याच पब्लिक आयपीवरून दिसतात, कारण मध्ये नॅट बसलेलं असतं. आतला आयपी डीएचसीपी देतं, आणि तो आज माझा तर उद्या तुझा. मॅक ॲड्रेस तरी पक्का असेल? तोही सॉफ्टवेअरनं बदलता येतो. शिवाय अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून (२०२०) वाय-फायला जोडताना फोन आपणहूनच खोटा मॅक ॲड्रेस दाखवतात, प्रायव्हसीसाठी.

आणि वेळ? इथे तर खरी मजा आहे. बरेच सर्व्हर वेळ लिहितात ती यूटीसीमध्ये. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे १३ तारखेच्या रात्री २ वाजून १० मिनिटांनी गेलेली मेल लॉगमध्ये दिसेल १२ तारखेला २० वाजून ४० मिनिटांनी. घाईघाईत कुणी ते आपलीच वेळ समजून वाचलं, तर तो शोधणार १२ तारखेला रात्री पावणेनऊच्या सुमारास लॅबमध्ये कोण बसलं होतं ते! आणि त्या वेळी लॅबमध्ये कोण असतं? प्रोजेक्ट करणारा सिन्सिअर मुलगा. सापडला चोर! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

हे सगळं काल्पनिक वाटत असेल तर आपल्या पुण्यातलंच एक खरं प्रकरण ऐका. ऑर्कुट आठवतंय? (नसेल तर दादा-ताईंना विचारा.) २००७ मध्ये ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल कुणीतरी अत्यंत आक्षेपार्ह मजकूर टाकला. राग येणं साहजिकच होतं. पुणे पोलिसांनी आयपी ॲड्रेसवरून शोध घेतला, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनं त्या आयपीच्या ग्राहकाचं नाव दिलं, आणि ऑगस्ट २००७ मध्ये बंगळूरच्या एका सॉफ्टवेअर इंजिनीअरला त्याच्या घरातून उचलण्यात आलं. तो सुमारे ५० दिवस येरवड्याच्या तुरुंगात होता. नंतर उघड झालं की कंपनीनं दिलेली माहिती चुकीची होती. तो आयपी त्याचा नव्हताच!

एका चुकीच्या ओळीपायी एका माणसाचे पन्नास दिवस गेले. तिथे निदान पोलीस होते, कोर्ट होतं, वकील होता. कॉलेजच्या केबिनमध्ये क्षच्या बाजूनं कोण असतं? आई-बाबा असतात, आणि ते तर आधीच खाली मान घालून बसलेले असतात.

‘कुणीतरी तुमच्या अकाउंटवरून...’

मग कॉलेजनं करायचं तरी काय? सगळं सोडून द्यायचं का? मुळीच नाही. याच एमआयटीनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक युक्ती काढली, आणि मला ती इतकी आवडली की हा लेख लिहायला घेतला तो त्यामुळेच.

तिथे अथीना नावाचं कॅम्पसभरचं नेटवर्क होतं. मुलं ती मुलंच, त्यामुळे त्रास देणाऱ्या मेल, दुसऱ्याच्या नावानं केलेले खोडसाळपणा, सगळं चालायचं. तेव्हा ग्रेगरी जॅक्सन हे तिथल्या शैक्षणिक कॉम्प्युटिंगचे प्रमुख होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्टॉपइट’ नावाची पद्धत सुरू केली. लॅबमध्ये पोस्टर लावली की कुणी त्रास दिला तर काय करायचं. तक्रारीसाठी ‘स्टॉपइट’ हाच मेलचा पत्ता ठेवला. तक्रार आली की लगेच उत्तर जायचं. आणि ज्याच्या अकाउंटवरून प्रकार झालाय त्याला एक ठरलेलं पत्र जायचं.

त्या पत्रात ‘तू असं केलंस’ हे वाक्यच नसायचं! त्याचा आशय असा असायचा की कुणीतरी तुमचं अकाउंट वापरून अमुक अमुक केलं आहे. अकाउंटच्या वापराची जबाबदारी तुमची असते. तुम्हाला हे माहीत नसेल तर तुमचा पासवर्ड दुसऱ्याच्या हातात गेला असावा, तो कसा बदलायचा ते आम्ही सांगतो. आणि माहीत असेल, तर पुन्हा असं होऊ देऊ नका. बस्स, एवढंच.

गंमत पुढे आहे. जॅक्सन यांनी लिहून ठेवलंय की या पत्रानंतर दोन गोष्टी व्हायच्या. एक म्हणजे, ज्यांनी ते कृत्य केलं हे नक्की माहीत होतं, तेसुद्धा येऊन सांगायचे की हो, आमचं अकाउंट कुणीतरी वापरलं असणार, आणि पासवर्ड बदलून घ्यायचे. आणि दुसरी म्हणजे, ते पुन्हा तसं करायचेच नाहीत!

हे वाचून मला आपल्या शाळेतल्या (आणि कॉन्व्हेंटवाल्यांना तर पक्कं माहीत असेल) त्या प्रसंगाची आठवण झाली नाही तरच नवल. फळ्यावर कुणीतरी काहीतरी लिहिलेलं. टीचर आत येतात. ‘‘हू डिड धिस? स्टँड अप!’’ कुणी उभं राहत नाही. मग सगळा वर्ग उभा, पूर्ण पिरियड. आमच्या शाळेत ‘मॉरल सायन्स’च्या तासाला कबुलीचं महत्त्व दर आठवड्याला शिकवलं जायचं, पण चाळीस जणींसमोर उभं राहून कबुली दिलेली एकही मुलगी मी दहा वर्षांत पाहिली नाही. चारचौघांत कबूल करायला लावलं की माणूस कबूल करत नाही, तो वकील होतो. कारणं शोधतो, दुसऱ्यांकडे बोट दाखवतो, आणि शेवटी आपण केलं ते बरोबरच होतं, असं त्याला मनापासून वाटायला लागतं.

आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. एमआयटीनं मूठ झाकलेलीच ठेवली. ज्यानं खरंच केलं त्याला अब्रू न जाता थांबायला वाट मिळाली. ज्यानं केलं नव्हतं त्याला पासवर्ड चोरीला गेल्याची बातमी मिळाली. एकच पत्र दोघांनाही लागू! कुणी केलं हे ठरवायची घाई केलीच नाही, तर चूक व्हायची भीतीही उरत नाही. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर याला म्हणतात रोबस्ट डिझाइन. इनपुट कुठलाही असो, आउटपुट बरोबर.

पण काळ सोकावतो त्याचं काय?

माझ्या एका मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती फटकन म्हणाली, ‘‘वा ग वा! म्हणजे चोराला आधी पत्र पाठवायचं? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो.’’ तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. उद्या कुणी एखाद्या मुलीच्या नावानं खोटं अकाउंट काढून तिची बदनामी केली, किंवा परीक्षेच्या सिस्टिममध्ये शिरून मार्क बदलले, तर तिथेही ‘कुणीतरी तुमचं अकाउंट...’ असं मवाळ पत्र पाठवायचं का?

नाही. तिथे दुसरी वाट. ज्यात कुणाला इजा होतेय, धमकी आहे, पैसा आहे, मार्क आहेत, तिथे सरळ चौकशी, आणि गरज पडली तर पोलीस. पण तिथेसुद्धा आधी चौकशी आणि मग निकाल, उलट नाही.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे रॉबर्ट मॉरिस. हा कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी. २ नोव्हेंबर १९८८ ला त्यानं इंटरनेटवर एक वर्म सोडला, आणि आपण कॉर्नेलचे हे कळू नये म्हणून सोडला कुठून, तर एमआयटीच्या मशीनवरून! वर्म जी अनेक कुलपं फोडत होता त्यातलं एक होतं पासवर्डचं. त्याच्या पोटात नेहमीच्या ४३२ शब्दांची यादी होती आणि तो एकेक लावून बघायचा. (जन्मतारीखवाले, ऐकताय ना?) त्याच्या प्रोग्राममध्ये एक गफलत राहिली, वर्म भलताच फोफावला, आणि अंदाजे ६,००० मशीन आडवी झाली. तेव्हा सगळ्या इंटरनेटवर होती साधारण साठ हजार.

आता हा गुन्हा लहान नव्हता. कॉर्नेलनं काय केलं? चौकशी समिती नेमली. समितीनं प्रोग्राम तपासला, साक्षी घेतल्या आणि १९८९ मध्ये अहवाल दिला. त्यात मॉरिसला झोडपलंय, पोरकटपणा केला असं स्पष्ट म्हटलंय. पण त्याचबरोबर हेही लिहिलंय की कुणाचा डेटा नष्ट करायचा त्याचा हेतू होता असा पुरावा मिळाला नाही. विद्यापीठानं त्याला निलंबित केलं. कोर्टानं १९९० मध्ये शिक्षा दिली ती अशी: तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. शिक्षा झाली, तुरुंग नाही. मॉरिसनं पुढे हार्वर्डमधून पीएचडी केली आणि तो प्राध्यापक झाला. कुठे? एमआयटीत! ज्यांच्या मशीनवरून वर्म सोडला, त्यांच्याकडेच.

आता याच संस्थेची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी लबाडी केली असं होईल. २०१० च्या शेवटी शेवटी एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टोर या संशोधनपत्रांच्या संग्रहातले लाखो लेख कुणीतरी धडाधड उतरवून घेत होतं. ॲक्सेस बंद केला की तो पत्ता बदलून परत यायचा. शेवटी एका तळघरातल्या वायरिंगच्या खोलीत लपवलेला लॅपटॉप सापडला. एमआयटीनं केंब्रिजच्या पोलिसांना बोलावलं, त्यांच्याबरोबर अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचा एजंटही आला, आणि ६ जानेवारी २०११ ला ॲरन स्वार्ट्झला अटक झाली. वय २४. तो एमआयटीचा विद्यार्थी नव्हता, हार्वर्डमध्ये फेलो होता, पण एमआयटीचं नेटवर्क पाहुण्यांना खुलं असायचं.

जेस्टोरनं त्याच्याशी आपसात मिटवलं. सरकारी वकिलांनी मात्र मिटवलं नाही. ज्या १९८६ च्या कायद्याखाली मॉरिसला प्रोबेशन मिळालं होतं, तोच कायदा लावून आणि आणखी कलमं जोडून २०१२ पर्यंत एकूण तेरा आरोप झाले. एमआयटीनं भूमिका घेतली ती ‘आम्ही तटस्थ’. खटला उभा राहण्याआधीच, ११ जानेवारी २०१३ ला स्वार्ट्झनं आत्महत्या केली. माणूस असं का करतो, हे बाहेरून कुणी छातीठोक सांगू नये, मी तर नाहीच नाही. पण एमआयटीनं स्वतःच प्राध्यापक हॅल एबलसन यांना चौकशी करायला सांगितली, आणि जुलै २०१३ मध्ये त्यांचा अहवाल आला. संस्थेनं बेकायदा असं काही केलं नाही, असं त्यात आहे. पण नुसतं तटस्थ राहणं पुरेसं होतं का, हा प्रश्नही त्यात आहे.

स्वार्ट्झचं बरोबर होतं का चूक, यावर आपण कँटीनमध्ये तासभर भांडू शकतो. माझा मुद्दा वेगळा आहे. प्रकरण संस्थेच्या हातात असतं तोवर तिला शंभर गोष्टी करता येतात. एकदा ते बाहेर गेलं की ‘आम्ही तटस्थ’ म्हणण्यापलीकडे फार काही उरत नाही. म्हणून बाहेर पाठवण्याआधी दहादा विचार करायचा.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या कलम ४३ प्रमाणे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलं तर नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच लबाडीनं किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं तर कलम ६६ लागतं, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि दुसऱ्याचा पासवर्ड तशाच लबाडीनं वापरला तर कलम ६६ क, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हे ६६ क कलम २००८ च्या दुरुस्तीनं आलं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. तेव्हा ‘‘मजा म्हणून केलं, यार’’ म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

पण कायद्यात ‘लबाडीनं’ हा शब्द आहे, तो केबिनमधल्या सरांनीही दोनदा वाचावा. कायदासुद्धा हेतू विचारतो. मग कॉलेजनं का विचारू नये? आणि दबावाखाली घेतलेल्या त्या माफीनाम्याचं काय? क्षनं हॉल तिकिटासाठी ‘होय, मीच केलं’ असं लिहून दिलं. उद्या तोच कागद कुणी पोलिसांसमोर ठेवला तर? वीस वर्षांच्या मुलानं वकील नाही, पालक नाहीत, अशा वेळी सही केलेला कागद त्याच्या गळ्यात आयुष्यभर अडकू शकतो. शिवाय कॅम्पसमध्ये बातमी पसरतेच. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं! नंतर अकाउंट चालू होतं, नाव नाही.

मग माझं म्हणणं काय?

मी काही कमिटीवर नाही, पण विद्यार्थिनी म्हणून पाच गोष्टी मागते.

एक, पहिल्यांदा काही झालं आणि कुणाला इजा नसेल, तर आधी ‘कुणीतरी तुमच्या अकाउंटवरून’ असं पत्र. पासवर्ड बदलेपर्यंत अकाउंट थांबवा, हरकत नाही. पण मुलाचं सबमिशन थांबवू नका.

दोन, लॉग जपा. सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना लॉग १८० दिवस ठेवायला आणि सगळ्या सिस्टिमची घड्याळं जुळवून ठेवायला सांगितलंय. लॉग मुलाच्या विरुद्ध असतो तसा त्याच्या बाजूचाही असतो! तो आरोपी मुलालाही दाखवा.

तीन, ज्यानं पकडलं त्यानंच न्याय करू नये. सर्व्हर सांभाळणारे सर पुरावा देतील, निर्णय दुसरे देतील. क्रिकेटमध्येसुद्धा बोलरच अंपायर नसतो.

चार, दुसऱ्यांदा झालं किंवा मामला गंभीर असेल तर रीतसर चौकशी, लेखी आरोप, मुलाचं म्हणणं लेखी, आणि वर दाद मागायची सोय. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी समिती आणि लोकपाल असायलाच हवेत. त्यांची नावं वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात नकोत, लॅबच्या दारावर पाहिजेत.

पाच, चौकशी झाल्याशिवाय माफीनामा नको. आणि एकासाठी सगळ्या हॉस्टेलचं नेट बंद करणं तर नकोच नको. सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि वर जाळणारा म्हणतो, बघा कसा उजेड पडला!

आता आपल्याकडे वळू या, कारण नुसतं मागून चालणार नाही. आपण जर पासवर्ड बादलीसारखा फिरवणार असू, तर ‘मी नव्हतो’ हे वाक्य कुणी का खरं मानावं? ज्या वर्गात सगळ्यांना सगळ्यांचे पासवर्ड माहीत आहेत, तिथे निर्दोष मुलाला स्वतःला निर्दोष सिद्ध करताच येत नाही. आपला पासवर्ड आपल्याकडे ठेवणं हे कॉलेजसाठी नाही, मित्रासाठी आहे. उद्या त्याच्यावर आळ आला तर ‘त्याचा पासवर्ड आम्हाला कुणालाच माहीत नव्हता’ हेही सांगता आलं पाहिजे, आणि ‘त्याच्या अकाउंटमध्ये शिरलेला आमच्यातला नाही’ हेही. मित्र पासवर्ड मागायला आला तर त्याला खुशाल नाही म्हणा. राग आला तर येऊ दे, वडापाव खिलवा, जाईल.

हा अंक हातात पडेल तेव्हा सबमिशनचे दिवस असतील. लॅबमधून उठण्यापूर्वी लॉग-आउट करा, आणि आज रात्रीच पासवर्ड बदला. आणि हो, तिचं नाव नको, प्लीज!